आधी बघा कोणाचं आहे

मिलिंदभाऊ,

तुमचं डोकं फोडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर परवा सकाळी मी हात ठेवला. येरवड्याला ओळखपरेड होती. भिंतीशी सारख्या अंगाची, सारख्या उंचीची माणसं ओळीनं उभी केली होती आणि नायब तहसीलदार म्हणाले, "ओळखत असाल तर हात लावून दाखवा." मी हात लावला. त्याचा खांदा गरम होता, चांगला भरलेला होता. माझी बोटं तिथून त्याच्या गळ्याकडे सरकायला लागली होती हे शेजारच्या पंचाला कळलं असावं, कारण त्यानं मला दंडाला धरून मागे घेतलं. मला त्या माणसाचं तोंड भिंतीवर आपटायचं होतं. अजूनही आपटायचं आहे. तुम्ही जाऊन चार आठवडे होत आले, आणि रोज सकाळी डोळे उघडले की त्यानं तुमच्यावर उगारलेला तोच लोखंडी पाना माझ्या हातात असतो आणि तो माणूस खाली पडलेला असतो. दात घासून होईपर्यंत मी त्याला मारत असतो.

हे तुला शोभत नाही, असं तुम्ही म्हणाला नसतात. तुम्ही स्वतः काही शांत गृहस्थ नव्हतात. कॉलेजच्या शोकसभेत प्राचार्य म्हणाले, "मिलिंद म्हणजे मूर्तिमंत संयम." तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या पीएचडीवाल्या अश्विनीनं खाली मान घातली, रडू आलं म्हणून नव्हे. लॅबच्या दाराला जो पोचा आहे तो तुमच्या बुटाचा. तीन कीबोर्ड तुम्ही भिंतीवर फोडलेत, त्यातला एक माझ्या कानाजवळून गेला होता. एरवी मला "ए राऊत, चहा सांग" म्हणायचात. राग चढला की अहो-जाहो सुरू. "अहो राऊत, आपण" एवढं ऐकू आलं की मी टेबलापासून दोन पावलं लांब जायचो.

वर्ध्याहून इथे नोकरीला लागलो त्या दिवशी सवयीनं तुम्हाला भाऊ म्हणालो. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "मी कुणाचा भाऊबिऊ नाही. मी इथला सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. तूही तोच आहेस, असं निदान कागदावर तरी लिहिलंय." मी भाऊ म्हणणं सोडलं नाही. महिनाभरात तुम्ही त्या हाकेला ओ द्यायला लागलात, आणि पुढच्या वर्षी माझे बाबा आजारी पडले तेव्हा तीन आठवडे माझं काम तुम्ही केलंत, कुणाला न सांगता. मी परत आलो तर म्हणालात, "तू नव्हतास तर किती शांत होतं."

पहिली गोष्ट जी शिकवलीत ती मला आज डोळे मिटून करता येते. आपल्या त्या मोठ्या सर्व्हरवर साठेक जण एकाच वेळी काम करतात, कुणाचं गणित दोन तास चालतं, कुणाचं दोन आठवडे. ps ही आज्ञा दिली की काय काय चालू आहे ते दिसतं, पण स्वतःपुरतं. सगळ्यांचं मागितलं की शेकडो ओळी धो धो येतात आणि काही कळत नाही. म्हणून त्याला -u लावायचं आणि पुढे माणसाचं नाव. `ps -u ashwini` म्हटलं की फक्त अश्विनीचं जे काही चालू आहे तेवढं समोर येतं. तुम्ही माझ्या खुर्चीच्या पाठीवर बोटं आपटत म्हणाला होतात, "आधी बघायचं कोणाचं आहे. मग हात लावायचा. गर्दीत हात घालून जो सापडेल त्याला मारणारे रस्त्यावर पुष्कळ आहेत, इथे त्यांची भरती नाही."

आणि ती वही. सर्व्हररूमच्या दाराच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेली लांब वही. दुसऱ्याचं चालू काम जो बंद करेल, त्यानं तिथे स्वतःच्या अक्षरात लिहायचं: कोणाचं, काय, का, कोणी. चार रकाने, पट्टीनं आखलेले. मी म्हणालो होतो, "भाऊ, हे सगळं मशीनच लिहून ठेवते ना, काऊन उगाच हातानं?" तुम्ही म्हणालात, "मशीनच्या नोंदीत तूही root आणि मीही root, सगळ्या किल्ल्या असलेलं एकच खातं. दोघांनाही नाव नाही. वहीत नाव आहे." त्या वहीवरून अख्खं डिपार्टमेंट तुम्हाला हसायचं. मीही हसायचो.

त्या दुपारी मशीन गळ्यापर्यंत आलं होतं. दोन फोन वाजत होते, एका पोराचा प्रोग्रॅम अडकून सगळ्यांची वाट लावत होता. मी root होतो आणि `pkill python` लिहून एंटर मारला. -u नाही, नाव नाही. एका सेकंदात साठ माणसांपैकी ज्या ज्या कुणाचं काम पायथन भाषेत चालू होतं, ते सगळं मेलं. अश्विनीचं गणित एकोणीस दिवस चाललं होतं, उरलं होतं दीड दिवसाचं. ती वर आली ती पळतच आली आणि टेबलावर दोन्ही हात आपटून ओरडली, "कुणी केलं हे?" मी म्हणालो, "लाइट गेली होती."

ती गेल्यावर तुम्ही बॅटरीची नोंद उघडलीत. लाइट गेलेली नव्हती. मग कीबोर्ड आला. मग तुम्ही वही घेतलीत, कोणाचं या रकान्यात चौदा नावं लिहिलीत, एकाखाली एक, काय आणि का हेही लिहिलंत, आणि चौथा रकाना तसाच ठेवून पेन माझ्यापुढे टाकलंत. "अहो राऊत, एवढा आपला." मी पेन उचललं नाही. मला वाटलं, अश्विनी तक्रार करेल, माझी नोकरी अजून पक्की नाही. तुम्हाला हे मी सांगितलं असतं तर तुम्ही काही मार्ग काढला असतात. ते नाही सांगितलं. बारा दिवस तुम्ही रोज सकाळी विचारत होतात आणि बारा दिवस मी विषय बदलत होतो.

तेराव्या दिवशी आपण बुधवार पेठेत सर्व्हरचा पॉवर सप्लाय आणायला गेलो. संध्याकाळचे पाच वाजले होते. वहिनींनी चहाला बोलावलं होतं म्हणून तुम्ही स्कूटर नारायण पेठेकडे वळवलीत, मागे मी, मांडीवर खोका. लक्ष्मी रोड ओलांडला. मग तुम्ही सुरू झालात.

"आज आपण लिहिणार आहात का?"

"भाऊ, मी काय म्हणतो, लाइटच सांगून देऊ ना. विषय संपते."

"कुणाचा संपतो?"

"कोण मेलं का त्यात? गणितच तर होतं. पुन्हा चालू होते."

तुमची पाठ ताठ झाली ते मला मागून दिसलं. मानेची शीर उडत होती. मी ते बोललो नसतो तर त्या गल्लीच्या तोंडाशी उलटी घुसलेली ती पांढरी गाडी बघून तुम्ही नुसता हॉर्न वाजवून बाजूनं गेला असतात, जसे रोज जायचात. माझ्यासाठी साठलेला राग होता तो. तो त्या गाडीवाल्याला मिळाला. काचेवर टकटक करून तुम्ही म्हणालात, "वन-वेचा बाण आपल्यासाठी नसतो वाटतं? आपल्याला वेगळा रंगवून देऊ का?"

तिघं उतरले. पहिल्यानं तुमच्या कानाखाली मारली. चष्मा रस्त्यावर पडला. तुम्ही उलट हातानं त्याला अशी ठेवून दिलीत की तो बॉनेटवर बसला, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. मग दुसरा डिकीकडे गेला. चाक खोलायचा पाना घेऊन आला. पहिला घाव खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा पाठीत. तुम्ही गुडघ्यावर आलात, तरी एका हातानं त्याची पँट धरून ठेवली होतीत. मी तेव्हा कुठे होतो हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही मान वळवून बघितलंत.

मी झेरॉक्सच्या दुकानात होतो. पॉवर सप्लायचा खोका छातीशी धरून पळालो होतो. दुकानदारानं शटर अर्ध्यावर ओढलं आणि मी खाली बसून त्याच्या खालून बघत राहिलो. मला सगळं दिसलं. त्यांच्याच गाडीतला तिसरा माणूस, टक्कल पडलेला, कचेरीतून सुटून आलेला दिसत होता, तो पाना धरलेल्या हाताला दोन्ही हातांनी लोंबकळला. "सोड रे, मरेल तो, सोड." त्याला कोपर बसलं, ओठ फाटला, तरी त्यानं पुन्हा हात धरला. त्या वेळी तुम्ही माझं नाव घेतलंत. दोनदा. मी बाहेर आलो नाही. पाना तिसऱ्यांदा खाली आला तो डोक्यावर.

गाडी गेल्यावर मी आलो. तुमचं डोकं मांडीवर घेतलं, माझा शर्ट भिजला, पँट भिजली. हॉस्पिटलात वहिनी धावत आल्या, माझ्या अंगावरचं रक्त बघून म्हणाल्या, "भावजी, तुम्ही मधे पडलात ना? तुम्हाला किती लागलंय?" आणि मी म्हणालो, "थोडंच." एवढाच शब्द. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिथून मागे येणं मला जमलं नाही. पोलिसांना जबाब देताना त्याच शब्दाला पुढे जोडत गेलो: मी मधे पडलो, मला ढकललं, तिघांनी मारलं. तिघांनीच, कारण तिसऱ्यानं वाचवायचा प्रयत्न केला हे सांगायचं तर मी ते कुठून बघितलं हेही सांगावं लागलं असतं. आणि खरं तर मला तिघंही हवे होते. एकाच गाडीतून उतरले होते ना, मग सगळे सारखेच, मरू देत सगळे. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

परवा पहिल्या दोघांना हात लावून झाल्यावर तिसऱ्यासाठी वेगळी ओळ उभी केली. त्यात तो होता. ओठाचे टाके काढलेले होते, व्रण ताजा होता. बाकीचे समोर भिंतीकडे बघत होते, तो माझ्याकडे बघत होता. मी नुसता हात लावून "हाही मारत होता" म्हणालो असतो तर काम झालं असतं. माझा हात त्याच रागात वर गेलाही होता. आणि तेवढ्यात खुर्चीच्या पाठीवर तुमची बोटं आपटल्यासारखी वाटली मला. शप्पथ सांगतो, मला तुमचा राग आला. मेल्यावरही हा माणूस मला धड कुणाला मारू देत नाही.

"ओळखता यांना?" नायब तहसीलदारांनी विचारलं.

"हो. पण यांनी मारलं नाही. यांनी पान्याचा हात धरला होता. दोनदा."

"जबाबात तुम्ही तिघांनी मारलं म्हटलंय."

"खोटं सांगितलं. मला कुणी ढकललं नाही. मी झेरॉक्सच्या दुकानात लपलो होतो, शटरखालून बघत होतो."

ते चष्मा पुसत म्हणाले, "सावकाश बोला. लिहून घ्यायचंय." मग मी तेच सावकाश पुन्हा बोललो, ते आणखी वाईट होतं. ओळीतला तो टकलू माणूस भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

बाहेर आल्यावर फौजदारांनी मला आडोशाला घेतलं. "राऊत, तुमची अक्कल कुठे गहाण आहे? आता त्यांचा वकील उभा राहणार आणि म्हणणार, हा साक्षीदार एकदा खोटं बोललाय. एका माणसाला वाचवायला गेलात, दोघं सुटले तर?" ते सुटले तर मी काय करीन हे मला माहीत नाही भाऊ.

काल सकाळी वहिनींकडे गेलो. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मला सांगायचं होतं. त्यांनी पोहे केले होते, माझ्यापुढे ताटली ठेवली. मी उभ्यानंच सांगितलं. शटर, खोका, सगळं. त्यांनी ताटली उचलली आणि भिंतीवर मारली. ती माझ्या कानाजवळून गेली, बरोबर तुमच्या कीबोर्डसारखी. पोहे तुमच्या फोटोच्या हारावर पडले.

"एवढे दिवस मी तुम्हाला जेवू घालतेय," त्या म्हणाल्या. "मी तुमच्यासाठी देवापुढे दिवा लावला."

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही सगळं बघितलंत. बेशुद्ध वगैरे नव्हता."

"नव्हतो."

"ते काही बोलले का?"

हे एवढे दिवस त्यांना कुणीच सांगू शकलं नव्हतं, कारण माझ्या खोट्यात मी रस्त्यावर पडलेला होतो. मी म्हणालो, "माझं नाव घेतलं. राऊत नाही म्हणाले. संदीप म्हणाले. दोनदा."

त्यांनी माझ्या तोंडात मारली. जोरात, दात हलेल अशी. मग माझा शर्ट धरून म्हणाल्या, "परत सांगा. कसं म्हणाले तसंच सांगा." मी तुमच्या आवाजात सांगितलं. त्यांनी चार वेळा सांगायला लावलं. शेवटी शर्ट सोडला आणि खाली बसून पोहे वेचायला लागल्या. मी वेचायला वाकलो तर म्हणाल्या, "हात लावू नका. जा आता तुम्ही." मी निघून आलो.

तिथून सरळ लॅबमध्ये. मेल उघडली तर दोन पत्रं होती. एक प्राचार्यांच्या कचेरीतून, आठवण म्हणून: दिवंगत कर्मचाऱ्याचं सर्व्हरवरचं खातं अजून का काढलं नाही. दुसरं तुमचं.

घाबरू नका, मीही घाबरलो होतो. तुम्ही लिहून ठेवलेली ती आपोआप चालणारी स्क्रिप्ट तुमच्या नावानं अजून चालू आहे. दिवसभर झोपलेली असते, सकाळी नऊला उठते, प्रत्येकाचं नाव लावून बघते आणि ज्याचं काही पंधरा दिवसांच्या वर चालू असेल त्याला तुमच्या शब्दांत विचारते. मागे आपण यावर भांडलो होतो, माणसांना असं कोणी लिहितं का म्हणून. काल मला आलेलं असं होतं: "राऊत, आपलं एक काम गेले सोळा दिवस चालू आहे. आपण ते विसरलात, की मुद्दाम ठेवलं आहे? माहिती असावी म्हणून विचारलं."

ते काम म्हणजे `watch ps -u milind`. तुमच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी मी कोपऱ्यातल्या स्क्रीनवर लावून ठेवलं होतं. दर दोन सेकंदांनी तुमच्या नावाचं काय चालू आहे ते दाखवतं. दोन ओळी असतात: तुमची ती स्क्रिप्ट आणि तिची झोप. मी येता-जाता बघतो. विसरलो नव्हतो भाऊ, मुद्दाम ठेवलं होतं.

मी वही काढली. तुमच्या अक्षरातली चौदा नावं तशीच होती. चौथ्या रकान्यात लिहिलं: संदीप राऊत. मग अश्विनीला बोलावून दाखवलं. तिनं वाचलं, "शी" म्हणाली, वही फाडकन मिटली आणि गेली. मशीनवर पुन्हा पाळी मिळायला तिला बरेच दिवस लागले; तिचं गणित आज पुन्हा अठराव्या दिवसावर आहे.

खाली नवीन ओळ आखली. कोणाचं: राऊत. काय: पहारा. का: उपयोग नाही, वेळेवर करायचा होता. कोणी: राऊत. आणि माझं ते काम मी बंद केलं. कोपऱ्यातली स्क्रीन काळी झाली.

तुमच्या त्या दोन ओळींना मी हात लावलेला नाही. खातं काढायची आज्ञा देऊन बघितली होती, मशीननं नकार दिला, या नावाचं काम चालू आहे म्हणून. जबरदस्ती करता येते, तुम्हीच शिकवली होतीत. कचेरीला मी कळवलं, "मिलिंद यांचं खातं वापरात असल्यामुळे काढता येत नाही." यात एक अक्षर खोटं नाही. खाली root लिहिलं नाही. खाली माझं पूर्ण नाव आहे.